टोचणीवाल्या खिल्लारेंची खात्री

सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी दशरथ खिल्लारे स्टोव्हवरच्या पातेल्यात काचेच्या सिरिंजा उकळत होते. तारीख १७ जानेवारी १९९७, वार शुक्रवार. भाईंदर पूर्वेला इंद्रलोककडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका इमारतीच्या तळमजल्यावरचे दोन गाळे जोडून डॉ. यतीन दोशींनी दवाखाना थाटला होता. खिल्लारे तिथे कंपाउंडर. एकदा वापरून फेकायच्या प्लॅस्टिकच्या सिरिंजा डॉक्टर आणून ठेवत, पण खिल्लारेंचा त्यांच्यावर विश्वास नव्हता. कुणीतरी त्या कचऱ्यातून उचलतो, धुतो आणि पुन्हा पाकिटात घालून विकतो, असं त्यांना वाटे. पाकीट खोटं असू शकतं. उकळी मात्र स्वतःच्या डोळ्यांना दिसते.

संशय घेणं हा त्यांच्या नोकरीचाच भाग होता. १९६० साली ते परभणी जिल्ह्यात आरोग्य खात्यात लागले ते देवीची लस टोचायला. गावोगाव त्यांना ‘देवीचा डॉक्टर’ म्हणत. डॉक्टर आला की आया पोरं कणगीत लपवायच्या, कडब्याच्या गंजीमागे दडवायच्या. खिल्लारे घरात शिरले की आधी कणगीकडे नाही, वाळत घातलेल्या झबल्यांकडे बघत. झबली जास्त आणि पोरं कमी, म्हणजे बाई खोटं बोलतेय. असं करत करत त्यांनी अर्धा जिल्हा टोचून काढला. देवी गेली. पुढे खात्याने त्यांना मलेरियाच्या फवारणीवर पाठवलं, मग कुटुंबकल्याणावर, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त केलं. मुलगा प्रितम भाईंदरच्या एका स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात मशीनवर होता. खिल्लारे बायकोला, मनोरमाला, घेऊन त्याच्याकडे आले आणि महिन्याभरात कंटाळून दोशींकडे कामाला लागले.

देवीने त्यांना एक गोष्ट शिकवली होती आणि ती त्यांनी कधी तपासून बघितली नाही, कारण ती कधी चुकली नव्हती. ज्याच्या अंगावर देवी येऊन गेली, त्याला ती पुन्हा येत नाही. घरात पेशंट असला की त्याच्या सेवेला ते तोंडावर वण असलेली बाई शोधत आणि तिला बिनधास्त आत पाठवत. शरीराने शत्रू एकदा ओळखला की काम झालं. लस म्हणजे तरी काय? आजारी न पडता करून दिलेली ओळख.

सप्टेंबरात प्रितमच्या बरगडीवर नागीण उठली. सव्वीस वर्षांच्या धडधाकट पोराला नागीण बघून डॉक्टर दोशींना शंका आली आणि त्यांनी रक्त तपासायला पाठवलं. खिल्लारेंना पहिला संशय आला तो डॉक्टरांचाच. लॅबवाले डॉक्टरला कमिशन देतात हे काय त्यांना माहीत नव्हतं? म्हणून दुसऱ्यांदा ते प्रितमला घेऊन मिरा रोडला, बेव्हर्ली पार्कच्या बाजूच्या एका अनोळखी लॅबमध्ये गेले. उत्तर तेच आलं. एचआयव्हीच्या अँटिबॉडी आहेत. प्रितम आधी दोन वर्षं वापीला कंपनीत होता, खोलीवर चार पोरं राहायची. बाकीचं बापाने विचारलं नाही आणि पोराने सांगितलं नाही.

तपासणी खोटी नाही, हे खिल्लारेंनी मान्य केलं. पण ते एका शब्दावर अडले. अँटिबॉडी. खात्याच्या प्रशिक्षणात हा शब्द त्यांनी कितीदा ऐकला होता. लस टोचल्यावर शरीरात तयार होते ती अँटिबॉडी, म्हणजे संरक्षण. मग प्रितमच्या रक्तात अँटिबॉडी सापडली याचा अर्थ काय? रोग आला, शरीराने ओळखला, परतवला. नागीणही पंधरवड्यात सुकली. “तू वण पडलेल्या बाईवानी हायस,” त्यांनी पोराला सांगितलं. “तुला आता भ्यायचं कारण न्हाई.” मनोरमालाही तेच सांगितलं. उभा जन्म आरोग्य खात्यात काढलेला माणूस सांगतोय म्हटल्यावर दोघं गप्प बसली. डिसेंबरात जेसल पार्कच्या मानसी मर्चंडेशी प्रितमचा साखरपुडा झाला. लग्न २ फेब्रुवारीच्या रविवारी.

दवाखाना उघडून अर्धा तास झाला असेल, तोच मानसीचे वडील आत्माराम मर्चंडे दारात उभे. मूळ गाव रत्नागिरीकडचं, नोकरी टपाल खात्यात. डोक्याला मफलर, हातात पत्रिकांची पिशवी.

“जय भीम, व्याही!”

“जय भीम. या, बसा. आज इकडं कसं?”

“खोकला झालाय.”

“कवापासनं?”

“तुम्हाला बघितलं आणि सुरू झाला,” आत्माराम हसले आणि बाकावर टेकले. खोकले मात्र नाहीत. खिल्लारेंनी ते टिपलं.

“पत्रिका झक्क छापल्यात. ही तुमच्या डॉक्टरांची. म्हटलं हातोहात देऊ. प्रितमराव कसे आहेत? बारीक वाटले परवा.”

“कारखान्यात दोन दोन शिफ्टा करायलंय. लग्नाला सुट्टी पाहिजे की.”

“ते झालंच. नाही, आमच्या हिच्या कानावर आलं, नागीण झाली होती म्हणे.”

“झाली. गेली.”

“गेली कुठे?”

“नागीण जाते कुठं, मर्चंडे? वारुळात.”

आत्माराम पुन्हा हसले, पण डोळे हसले नाहीत. “राग मानू नका. आमच्या कोकणात नारळ घेतला तरी कानाशी हलवून बघतात.”

“आमच्याकडं ज्वारी दाताखाली घालून बघतात. पोरगं काय दाताखाली घालणार हाव का?”

“तेच तर! मराठवाड्याची माणसं बोलतात मोठ्यानं, पण सांगतात कमी.” असं म्हणत ते उठले आणि नंबर नसताना सरळ डॉक्टरांच्या केबिनमध्ये घुसले.

केबिनला प्लायवूडचं पार्टिशन होतं. पलीकडचा शब्द न शब्द औषधाच्या खिडकीत ऐकू येई. खिल्लारे खोकल्याचं लाल औषध बाटलीत ओतत होते. हात थांबला.

“डॉक्टरसाहेब, मुलीचा बाप आहे. एकच विचारतो. मुलगा निरोगी आहे ना?”

डॉक्टरांची खुर्ची करकरली. मग डॉक्टर म्हणाले, “मर्चंडेभाई, माझ्या पेशंटचं मी कोणालाच सांगत नाही. तुमचंही सांगणार नाही. ते तुम्ही त्यांच्याकडूनच ऐका.”

आत्माराम बाहेर आले ते पत्रिकांची पिशवी छातीशी धरून. औषधाची बाटली त्यांनी घेतली नाही. दारात वळून म्हणाले, “संध्याकाळी घरीच आहे मी.” हे आमंत्रण होतं की दम, ते खिल्लारेंना कळलं नाही. डॉक्टर नको तेवढं बोलले, असं मात्र त्यांच्या मनात पक्कं बसलं.

साडेबाराला शेवटचा पेशंट गेला. डॉक्टरांनी स्वतः उठून शटर अर्धं खाली ओढलं. टेबलावर लग्नाची पत्रिका उघडी पडली होती.

“काका, ये क्या है? मी ऑक्टोबरमध्ये तुम्हाला काय सांगितलं होतं?”

“तुम्ही म्हणलाव, अँटिबॉडी पॉझिटिव्ह.”

“आणि?”

“आणि काय? बाहेर सात पेशंट खोकत होते. तुम्ही म्हणलाव, बाकीचं नंतर बोलू. नंतर तुम्ही बोलला न्हाईत.”

डॉक्टरांनी चष्मा काढला. ते खरं होतं. “मला वाटलं, तुम्ही खात्यातले, तुम्हाला कळलं असेल.”

“कळलं की. अँटिबॉडी म्हंजे संरक्षण. पोराच्या अंगात संरक्षण हाय. लग्नाला काय अडचण? का तुमच्या लॅबवाल्याला अजून एक तपासणी पाहिजे?”

टोमणा डॉक्टरांना लागला, पण त्यांनी तो गिळला. पॅड पुढे ओढून त्यांनी एक गोळा काढला, त्याला काटे काढले. हा विषाणू. हे काटे म्हणजे त्याचं बाहेरचं अंग. अँटिबॉडी या काट्यांना ओळखून चिकटते. खिल्लारे मान हलवत होते. हे सगळं त्यांना पाठ होतं.

“आता ऐका. हा आपल्या पेशीत शिरतो आणि स्वतःच्या नकला काढतो. पण नकला काढण्यात तो फार गचाळ आहे. चुका करतो. आणि झालेली चूक तपासून दुरुस्त करायची सोय त्याच्याकडे नाही. बऱ्याच नकला चुकीमुळे वाया जातात. पण एका माणसाच्या अंगात दिवसाला अब्जावधी नकला निघतात, काका. त्यात काही अशा निघतात, की चूक नेमकी काट्यावर पडते. काट्याचा आकार जरा बदलतो. बाकी विषाणू चालू.”

“मग?”

“मग जुन्या आकाराचे जे आहेत, त्यांना अँटिबॉडी पकडते. बदललेला सुटतो. आणि मग वाढतो कोण? तोच.”

खिल्लारेंनी डोळे बारीक केले. झबली मोजतानाची त्यांची ती नजर. “असं असतं, तर तुमच्या तपासणीला तो सापडला कसा? तोंड बदलतो म्हणता आणि लॅबवाला बरोबर ओळखतो. दोन्ही कसं खरं?”

डॉक्टर हसले. “हे पहिल्यांदा कोणीतरी बरोबर विचारलं. त्याच्या अंगाचे काही भाग फारसे बदलत नाहीत. बरेच आतले. शरीर त्यांच्याविरुद्धही अँटिबॉडी करतं आणि तपासणीत त्या दिसतात. पण त्या त्याला अडवत नाहीत. तो येऊन गेल्याची खूण आहे ती, कुलूप नाही.”

“हे कुणी बघितलंय?”

“बघितलंय. एकाच पेशंटचं रक्त काही काही महिन्यांनी काढून साठवलं. जूनच्या रक्तातली अँटिबॉडी जानेवारीच्या विषाणूला थोपवते. पण जूनच्या विषाणूला नाही.”

टेबलाच्या कडेवरून खिल्लारेंनी अंगठा फिरवला. मग एकदम म्हणाले, “आमच्याकडं कार्ड असायचं.”

“कसलं कार्ड?”

“देवीचं. पोस्टकार्डाएवढं. त्याच्यावर देवी उठलेल्या लेकराचा फोटो. गावात गेलं की शाळेत दाखवायचं, बाजारात दाखवायचं. असं तोंड कुठं बघितलंय का रे? लहान लेकरू बी सांगायचं, त्या वाड्यात हाय म्हणून. जिंतूरला तेच कार्ड, गंगाखेडला तेच. बिहारात बी तेच चालायचं म्हणत होते. देवीचं तोंड कधी बदललं न्हाई.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. खिल्लारे आता त्यांच्याशी बोलतच नव्हते.

“देवी बी अशी असती तर? कार्ड छापून हातात येईस्तोवर तोंड बदललेलं. नवं छापलं, तोवर अजून बदललेलं. आणि एका गावात एक न्हाई, हजार तोंडं फिरायलेत. मग देवी गेली असती का? न्हाई. आम्ही जुनं कार्ड घेऊन हिंडत राहिलो असतो.”

“बरोबर. आणि एक वाईट भाग राहिलाय. शरीरात मारेकरी पेशीही असतात, त्यांनाही तो असाच चकवतो. पण या सगळ्या शोधाला हुकूम देणाऱ्या ज्या पेशी असतात ना, तो घर करतो तेच त्यांच्यात. कार्ड वाटणाऱ्या तुमच्या साहेबालाच हळूहळू मारतो.”

“मुद्दाम करतो?”

“छे. त्याला कुठे डोकं आहे? चुका होतात. फायद्याच्या असतात, त्या टिकतात.”

हे ऐकून खिल्लारेंना सगळ्यात जास्त राग आला. ज्याच्यात लबाडी आहे, त्याला पकडता येतं. पस्तीस-छत्तीस वर्षं त्यांनी तेच केलं होतं. याच्यात लबाडीसुद्धा नव्हती.

“पण पोरगं धडधाकट हाय, डॉक्टर. पन्नास पन्नास किलोचे पत्रे उचलायलंय.”

“असेल. शरीर हरलेलं नाही अजून, रोज नवी कार्डं छापतंय. काही वर्षं छापेल. पण या सगळ्या वर्षांत विषाणू रक्तात असणार आहे. लग्न झालं की मानसीला जाणार. मग पुढे बाळालाही जाऊ शकतो.”

“औषध?”

“एक दिलं तर काही महिन्यांत त्यालाही चकवतो. त्याच युक्तीनं. तिकडे परदेशात आता तीन औषधं एकदम देतात, ते चालतंय म्हणतात. इकडे अजून आपल्या आवाक्यात नाही. काका, मी मर्चंडेंना सांगणार नाही. पण तुम्ही सांगितलं नाहीत, तर सोमवारी मी प्रितमला इथे बोलावून त्यालाच सांगायला लावेन.”

खिल्लारेंनी शटर वर केलं आणि चपला घातल्या.

प्रितम चारला कारखान्यातून आला. अंगावर पॉलिशची करडी भुकटी. मोरीत हातपाय धूत होता, तेव्हाच बापाने दाराशी उभं राहून सांगितलं. थोडक्यात. देवीच्या हिशेबाने हा रोग मोजायचा नसतो, मी मोजला, चुकलं. मनोरमा कणीक मळत होती. तिने हात थांबवला नाही.

प्रितमने तांब्या पालथा घातला. “मला वाटायचंच.”

“मग बोलला का न्हाईस?”

“तुम्ही इतक्या खात्रीनं सांगत होता, दादा. म्हटलं, खरं असलं तर बरं.”

“आणि मी?” मनोरमा कणकेकडे बघत म्हणाली. “मी तर रोज रात्री याच्या कपाळाला हात लावून बघत होते. बरा झालेल्या माणसाच्या कपाळाला कोण हात लावतं?”

खिल्लारे म्हणाले की, आपण मर्चंडेंना दुसरंच काही सांगू. पोराला दुबईला नोकरी लागली म्हणू. नाहीतर सरळ भांडण काढू, मराठवाडा-कोकण म्हणून. भांडायला ते तयारच बसलेत. प्रितम शर्टाची बटणं लावत होता. “त्यांना संशय आलाय ना? मग ते शोधत राहतील. इकडे विचारतील, कारखान्यात विचारतील. मी सांगतो.”

संध्याकाळी बापलेक दोघंच निघाले. जेसल पार्कला मर्चंडेंचं घर दुसऱ्या मजल्यावर. दार मानसीने उघडलं. ती एका वकिलाकडे टायपिंग करी आणि तीही नुकतीच आली होती. आत्माराम खुर्चीत सकाळचाच मफलर घालून बसले होते. त्यांच्या बायकोने, आनंदीबाईंनी, चहा आणून ठेवला. खिल्लारेंनी बशीत ओतला. प्रितमने कपाला तोंड लावलं, एक घोट घेतला आणि मग सांगितलं. वापीचंही सांगितलं. बापालाही ते पहिल्यांदाच कळत होतं.

खालून रिक्षाच्या हॉर्नचा आवाज आला.

“साखरपुड्याला माहीत होतं?” आत्मारामांनी प्रितमला नाही, खिल्लारेंना विचारलं.

“होतं.”

“आणि तरी?”

खिल्लारेंनी तोंड उघडलं. देवी, अँटिबॉडी, कार्ड, सगळं जिभेवर आलं होतं. समोर बसलेल्या माणसाला त्यातलं काहीही नको होतं, हे त्यांना दिसलं. “तरी,” ते म्हणाले.

मानसी भिंतीला टेकून उभी होती. तिने प्रितमला विचारलं, “तू आलास, की यांनी आणलं?”

“मी आलो.”

“नक्की?”

“दादा तर दुबई सांगायचं म्हणत होते.”

तिच्या तोंडावर काहीतरी हललं. हसू असेल, नसेलही. “दुबई! पासपोर्ट तरी आहे का?” एवढं बोलून ती आत गेली आणि पुन्हा बाहेर आली नाही.

उठताना खिल्लारेंनी बघितलं. आनंदीबाईंनी बाकीचे कप आणि बशा उचलल्या, आत नेल्या. प्रितमचा कप टीपॉयवर तसाच राहिला. त्यांनी पदराच्या टोकाने कपाचा कान धरला, थबकल्या, आणि तो गॅलरीत, कुंडीच्या बाजूला नेऊन ठेवला. गंगाखेडच्या हॉटेलात दलितांसाठी बाहेरच्या खिळ्याला वेगळा टांगलेला कप खिल्लारेंच्या बापाने पाहिला होता, लहानपणी त्यांनी स्वतःही. ते इथे, आपल्याच माणसाच्या घरात बघावं लागेल असं त्यांना वाटलं नव्हतं. रोग असा कपातून जात नाही, हे त्यांना माहीत होतं. पण आज सकाळपर्यंत त्यांना काय काय माहीत होतं! प्रितमनेही पाहिलं होतं.

आत्माराम जिन्यापर्यंत आले. “मी टपाल खात्यात आहे, खिल्लारे. पण हे मी कुठे पोचवणार नाही. लग्न मोडलं, कारण आमचं. मुलीला अजून शिकायचंय.”

“जय भीम,” खिल्लारे म्हणाले.

“जय भीम.”

हा माणूस शब्द पाळेल की नाही, याचा विचार खिल्लारे खाली उतरेपर्यंत करत होते. पाळेल असं त्यांना वाटलं, आणि तसं वाटण्यावर आता किती विश्वास ठेवायचा, ते कळेना. गेटपाशी प्रितमने विचारलं, “डॉक्टरांकडे कधी जायचं?”

“जाऊ की. सोमवारी.”

“उद्या का नको?”

उद्या शनिवार, १८ जानेवारी, पल्स पोलिओच्या या मोसमातल्या दुसऱ्या डोसचा दिवस. पाच वर्षांखालच्या मुलांना तोंडात लशीचे दोन थेंब द्यायचे होते, आणि नगरपालिकेच्या शाळेतल्या बूथवर बर्फाच्या डब्यापाशी खिल्लारेंनी स्वयंसेवक म्हणून ड्यूटी घेतली होती. त्यामुळे डॉ. दोशींचा दवाखाना सकाळी बंद राहणार होता आणि संध्याकाळी सहाला उघडणार होता. “मग उद्या सहाला जाऊ,” खिल्लारे म्हणाले.